मारबत, दोन बकरे आणि आपली पापकबुली

पोळा होऊन चार दिवस झाले होते. रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग त्या दिवशी माझ्याकडे होता आणि आम्ही लेवीयचा सोळावा अध्याय वाचत होतो. तसं लेवीय मुलांना कुणी शिकवत नाही. कोड, बुरशी, चरबी, रक्त, कुठला प्राणी खावा अन् कुठला नाही, असं ते पुस्तक. वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा नेम करणारे कितीतरी जण तिथेच येऊन थांबतात. पण मी हट्टाने घेतलं होतं. दोन बकरे आणतात, त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकतात, एकाचा बळी देतात आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडतात, इथवर आलो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ही तर मारबतच झाली ना!"

वर्ग खिदळला. मीही हसले. पोरगं बरंचसं बरोबर बोललं होतं. जेवढं चुकलं होतं, त्यावर मी पुढचे तीन रविवार घालवले, आणि हा लेखही त्यातूनच आला.

नागपूरबाहेरच्यांसाठी आधी मारबत सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी अशा दोन अवाढव्य बाहुल्यांची मिरवणूक निघते. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. सगळे ओरडतात, "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग गावाबाहेर नेऊन जाळतात. गावातली घाण एका पुतळ्यावर लादायची आणि वेशीबाहेर घालवायची.

आता लेवीय सोळा. वर्षातून एकच दिवस, सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला, प्रमुख याजक पवित्र स्थानाच्या पडद्याआड जाई. तो दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, यहुदी लोकांचा योम किप्पूर. एरवी त्याचा पोशाख सोन्याच्या जरीचा, छातीवर बारा रत्नं, झग्याच्या काठाला सोन्याच्या घंट्या. त्या दिवशी ते सगळं उतरवून तो साधी तागाची वस्त्रं घालतो. आणि लोकांसाठीचा बकरा कापायच्या आधी एक गोऱ्हा कापतो. कशासाठी? स्वतःच्या पापासाठी आणि स्वतःच्या घराण्यासाठी. तो झाला की मगच लोकांच्या पापाची गोष्ट.

यरुशलेमच्या मंदिराच्या काळातल्या रीतीची जी नोंद यहुदी परंपरेने जपली आहे, तिच्यात याजकाची कबुली तीनदा येते. पहिल्या वेळी तो म्हणतो, मी पाप केलं आहे, मी आणि माझ्या घराने. दुसऱ्या वेळी स्वतःसोबत आपल्या याजक-भाऊबंदांचं नाव घेतो. तिसऱ्या खेपेला, बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून, अख्ख्या इस्राएलाचं. हा क्रम मी फळ्यावर लिहिला: मी, माझी माणसं, मग गाव.

मारबतीला हा क्रम नसतो. तिथे आपण ओरडतो ती सगळी नावं दुसऱ्यांची. महागाई घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा. "माझा आळस घेऊन जा गे मारबत" असं ओरडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. यात मारबतीला नावं ठेवत नाही मी. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मीही घसा बसेपर्यंत ओरडले आहे, आणि वर्षातून एकदा गावाने मिळून राग काढावा हे चांगलंच. पण ती पापकबुली नव्हे.

मुलांना मी कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. म्हटलं, बकऱ्याच्या डोक्यावर काय ठेवाल ते लिहा, नाव घालू नका. बारा चिठ्ठ्या आल्या. नऊ जणांनी भावाचं, मित्राचं किंवा मास्तरांचं पाप लिहिलं होतं. एका चिठ्ठीवर "आईचं ओरडणं", खाली दोन रेघा.

हसू आलं खरं, पण मोठ्यांच्या प्रार्थनासभेत काय वेगळं असतं? "प्रभू, अमक्याला सुबुद्धी दे" ही प्रार्थना दिसते दुसऱ्यासाठी आणि असते दुसऱ्याविरुद्ध. लूकच्या सुवार्तेत परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि लोक ज्याला पापी समजत तो जकातदार यांची गोष्ट आहे ना, दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आत्मपरीक्षणच करतो आहे, नीट वाचा. आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश, सगळा हिशेब पुढे मांडतो. फक्त हिशेबाची दुसरी बाजू जकातदाराच्या नावावर लिहितो. जकातदार दूर उभा राहतो, वर बघायचं धैर्य नाही, छाती बडवतो आणि एक वाक्य बोलतो. मी पापी आहे, माझ्यावर दया कर. बस.

शेजारच्या काकू मला दर दसऱ्याला आपट्याचं पान देताना विचारतात, "तुमच्यात सण दोनच न गं? नाताळ अन् ईस्टर?" दोनच नाहीत, पण काकूंचंही चूक नाही, बाहेरून दिसतात ते तेवढेच. बायबलमधले सण मात्र निराळे. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात त्यांची ओळीने यादी आहे: आधी दर आठवड्याचा शब्बाथ, मग वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण, पहिल्या पेंढीचं अर्पण, सप्ताहांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. एस्तेर राणीच्या गोष्टीतला पुरीम नंतरचा, मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण त्याहूनही नंतरचा; योहानाच्या सुवार्तेत येशू हिवाळ्यात त्या सणाच्या वेळी मंदिरात फिरत होता असं येतं. मूळ हिब्रूत या सणांना जो शब्द आहे, मोएद, त्याचा अर्थ ठरलेली वेळ, नेमलेली भेट. मराठी बायबलात ज्याला दर्शनमंडप म्हटलं आहे त्या तंबूच्या नावातही तोच शब्द आहे. म्हणजे भेटायची जागा ठरलेली आणि वेळही ठरलेली. मनात येईल तेव्हा देवाला भेटू म्हणणाऱ्याची भेट कधीच होत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

ज्याला आपलं पंचांग कळतं त्याला हे पंचांग समजायला अर्धा तास पुरे. त्यांचाही महिना चंद्राचा, अमावास्येनंतर सुरू होणारा. वर्ष सूर्याशी जुळवून घ्यायला आपण अधिक महिना घालतो, तेही घालतात. एकोणीस वर्षांत सात वेळा. वल्हांडण पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, आपल्या चैत्राच्या आसपास. कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्त आणि मांडव हे सातव्या महिन्यात. चैत्रापासून मोजा, सातवा आश्विन येतो. 2025 साली कर्ण्यांचा दिवस सुरू झाला तो 22 सप्टेंबरच्या संध्याकाळी, घटस्थापनेच्याच दिवशी. प्रायश्चित्ताचा दिवस 2 ऑक्टोबर, दसरा. मांडवांचा सण लागला 6 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, कोजागरीला. 2024 सालीही तिन्ही असेच जुळले. 2023 मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि गाडी एका महिन्याने चुकली: प्रायश्चित्त 25 सप्टेंबरला, दसरा 24 ऑक्टोबरला.

यातून कुणी गूढ अर्थ काढू नये. चंद्र सगळ्यांचा एकच आहे आणि पावसाळा सरल्यावर, पीक हाताशी आल्यावर सण करावेसे सगळ्यांना वाटतात, एवढंच. पण नागपुरात राहणाऱ्याला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. योम किप्पूरला यहुदी लोक पांढरे कपडे घालतात, आणि आपल्याकडे दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारे सगळे रस्ते पांढऱ्या कपड्यांनी भरलेले असतात. कारणं अगदी वेगळी, इतिहास वेगळा. तरी 2025 ला रिक्षातून जाताना ती गर्दी बघितली तेव्हा मला लेवीयमधली याजकाची तागाची वस्त्रं आठवली.

या सणांना मराठी नावंही फार जुनी आहेत, आणि ती आम्हा ख्रिस्ती लोकांनी दिलेली नाहीत. कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या बेने इस्राएल समाजाने दिली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्याकडे नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. मंदिराच्या नाशाचा उपास बिरड्याने सोडतात म्हणून तो बिरड्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते दार बंद करण्याचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दार लावून घरातच राहायचं. हे नाव मला फार आवडतं. आत्मपरीक्षणाला एवढा नेमका शब्द आमच्या एकाही प्रवचनात मी ऐकलेला नाही.

वल्हांडण हा शब्द मुलांना परका वाटतो. वलांडणे म्हणजेच ओलांडणे. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएली लोकांच्या ज्या घरांच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं होतं ती घरं ओलांडून मृत्यू पुढे गेला, म्हणून वल्हांडण. त्याला चिकटूनच सात दिवस बेखमीर भाकरीचा सण येतो, आणि इथे जरा थांबते, कारण खमीर म्हणजे काय हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

खमीर म्हटलं की आज आपल्याला यीस्टची पुडी आठवते. तेव्हा पुडी नव्हती. कालच्या मळलेल्या पिठाचा एक गोळा मागे ठेवायचा, तो आंबायचा, तो आजच्या पिठात घालायचा, आजच्यातला गोळा उद्यासाठी ठेवायचा. आपल्या विरजणासारखंच. माझ्या सासूबाईंचं विरजण त्यांच्या सासूच्या घरून आलेलं होतं असं त्या सांगायच्या, आणि मे महिन्यात नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत ते चार तासांत आंबट ढाण व्हायचं, तरी टाकायच्या नाहीत. आता विचार करा, वर्षातून एकदा ती साखळी तोडायची. घरातलं सगळं खमीर बाहेर, सात दिवस नुसती साधी भाकर, आणि मग कोऱ्या पिठापासून नवी सुरुवात. मिसरातून निघताना कणीक फुगायला वेळच मिळाला नाही ही त्यामागची आठवण. पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला त्याचा दुसरा अर्थही लगेच कळतो: जुनं काही तरी वर्षानुवर्षं पुढे पुढे चालत आलं आहे, आणि ते आंबट झालं आहे हे घरातल्यांना कळत नाही, कारण सगळ्यांची जीभ त्याला सरावलेली आहे.

यहुदी घरांत आजही सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन खमीर शोधतात. सोबत पीस आणि लाकडी चमचा, कपाटाच्या कोपऱ्यातला चुरा गोळा करायला. घर आधीच धुऊन पुसून झालेलं असतं, म्हणून पुष्कळ घरांत मुद्दाम पावाचे दहा तुकडे लपवून ठेवतात, शोधणाऱ्याला काहीतरी मिळावं! सापडेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी जाळतात. आणि मग एक वाक्य म्हणतात, ज्याचा आशय असा: माझ्या घरात जे खमीर असेल, मी पाहिलेलं वा न पाहिलेलं, काढलेलं वा न काढलेलं, ते सगळं मातीच्या धुळीसारखं समजावं.

पाहिलेलं वा न पाहिलेलं. आत्मपरीक्षण करणाऱ्याने हे शब्द घरात लिहून ठेवावेत. शोधायचं मन लावून, फडताळात हात घालून. पण सगळं सापडेलच असा गर्व करायचा नाही आणि सापडलं नाही म्हणून रात्रभर जागायचंही नाही. पुढे प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणारा मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात होता तेव्हा तासन्‌तास पापकबुली करत बसायचा, एखादं पाप सांगायचं राहिलं तर, या धास्तीने. ऐकणारा वडीलधारा मठवासी पार वैतागून जायचा. असे ल्यूथर आपल्या मंडळ्यांतही, म्हणजे चर्चमध्येही, असतात. त्यांना आणखी उपास करायला सांगू नये, झोपायला सांगावं.

आणखी एक. खमीर म्हणजे पाप, असं सरसकट समीकरण रविवारच्या शाळेत शिकवतात ते अर्धवट आहे. सप्ताहांच्या सणाला ज्या दोन भाकरी देवापुढे आणतात त्या खमीर घालून भाजलेल्याच असतात, लेवीयमध्ये स्पष्ट लिहिलंय. आणि येशूने स्वर्गाच्या राज्याला उपमा दिली ती एका बाईने पिठात लपवलेल्या खमिराची.

हा सप्ताहांचा सण म्हणजे पेंढी अर्पण केल्यावर पन्नासावा दिवस. ग्रीकमध्ये पन्नासावा तो पेंटेकॉस्ट. मंडळी याच दिवशी पवित्र आत्म्याचं येणं साजरं करते. त्याबद्दल प्रवचनं पुष्कळ ऐकायला मिळतात, म्हणून मी इथे फक्त एका ओळीवर बोट ठेवते. तेविसाव्या अध्यायात सणांची यादी चाललेली असताना मध्येच, बाविसाव्या वचनात, एक शेतीचा नियम येतो: कापणी करताना बांधाकडेचं पीक पार कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. सरवा हा शब्द विदर्भात समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीन निघाल्यावर टोपली घेऊन सरवा वेचणाऱ्या बाया कळमेश्वर, काटोलच्या रस्त्याने जाताना दिसतात. बायबलमधली परदेशी विधवा रूथ अशीच सरवा वेचायला गेली होती, आणि यहुदी लोक रूथचं पुस्तक याच सणाला वाचतात. सणाच्या यादीत हा नियम कशाला, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, तो तिथेच हवा. आपण सणाला काय केलं ते विचारायचं नाही, बांधाकडेला काय शिल्लक ठेवलं ते विचारायचं.

संदेष्ट्यांनी तेच विचारलं. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, ते मला ओझं झाले आहेत. कारण हात रक्ताने भरलेले आणि विधवेचा दावा कुणी ऐकत नाही.

ख्रिस्ती माणूस हे सण का पाळत नाही, हा प्रश्न आता येणारच. नव्या कराराचं उत्तर असं की वल्हांडणाचं कोकरू ख्रिस्त झाला, प्रमुख याजक तोच आणि अर्पणही तोच, आणि ते एकदाच, कायमचं झालं. इब्री लोकांस पत्राचे नववा-दहावा अध्याय हेच सांगतात. कलस्सैच्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये, त्या पुढे येणाऱ्या गोष्टींच्या छाया आहेत. हल्ली काही ठिकाणी मेंढ्याचं शिंग फुंकून, यहुदी शाली पांघरून हे सण करायची हौस आली आहे. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या घरचा जिवंत सण आपण अभ्यासावा, त्याचा मान ठेवावा. त्याचं गॅदरिंग करू नये. पण छाया म्हणून ते अध्याय मिटून ठेवणंही बरोबर नाही. उन्हाळ्यात नागपूरच्या माणसाला छायेची किंमत कुणी सांगायला नको.

आणि सण गेले तरी परीक्षा गेलेली नाही. ती प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूची आठवण म्हणून मंडळीने भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, मेजावर आली. पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी, मग त्या भाकरीतून खावं आणि त्या प्याल्यातून प्यावं. हे वचन आमच्याकडे इतकं धाक घालून वाचलं जातं की माझी आजी कित्येक रविवार मेजाकडे गेलीच नाही. म्हणायची, आज मन साफ नाही. पण त्या अध्यायातली करिंथची भानगड काय होती ते बघा. लोक एकत्र जेवायला जमत, पैसेवाले लवकर येऊन आपलं आपलं खाऊन घेत, पिऊन तर्र होत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारा गरीब उपाशी राही. पौलाचा राग यावर आहे. परीक्षा करा म्हणतो तेव्हा त्याचा शेवटचा उपाय अगदी घरगुती आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली. कुणी बाळांचा बाप्तिस्मा करणारे, कुणी फक्त मोठ्यांचा. कुणी बिशप मानणारे, कुणी न मानणारे. वाटाघाटी चालल्या त्या चार दशकं. एकमेकांसाठी थांबणं म्हणतात ते हे, असं मला वाटतं, जरी त्यानंतर भांडणं आम्ही काही कमी केली नाहीत.

माझंच सांगते. माझ्या चुलत जावेशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल: लग्नातली पितळी भांडी. एका प्रभुभोजनाला मी वेदीपाशी गुडघे टेकले आणि शेजारी कोण आलं बघितलं, तर ती. प्याला माझ्याकडून तिच्याकडे गेला. मी समोर बघत राहिले. पाळकांनी नेमकं त्या दिवशी मत्तयचा पाचवा अध्याय वाचला होता: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लक्षात घ्या, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध असं म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. यहुदी गुरूंचंही हेच म्हणणं: प्रायश्चित्ताचा दिवस माणूस आणि देव यांच्यातली पापं धुतो, माणसामाणसांतली नाही, जोवर तू त्या माणसाची समजूत काढत नाहीस तोवर. म्हणून कर्णे वाजल्यापासून प्रायश्चित्तापर्यंतच्या दहा दिवसांत लोक एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. मी संध्याकाळी फोन लावला. ती म्हणाली, "कुकर लावलाय, नंतर बोलते." रात्री साडेनऊला तिचा आला. आम्ही सिलिंडरच्या भावावर बोललो, तिच्या मुलाच्या बारावीवर बोललो. भांड्यांचा विषय अजून निघालेला नाही.

वर्षातून एकदा असं मोठं शोधणं, आणि रोजचं? रोजच्यासाठी मला इतवारीतल्या दुकानदारांचा शब्द बरा वाटतो: रोजमेळ. माझ्या मैत्रिणीचे सासरे धान्याचे ठोक व्यापारी. शटर अर्धं खाली ओढलं की लाल वही उघडायचे. आधी जमा, मग नावे, शेवटी शिल्लक. रात्री कितीही वाजले तरी रोजमेळ लिहिल्याशिवाय उठत नसत, कारण दोन दिवसांचा एकत्र लिहायला बसलं की गडबड होतेच. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलाने रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, ती जवळजवळ हीच. आधी जमेची बाजू: आज देवाकडून काय मिळालं त्याचे आभार. मग उजेड मागायचा, कारण आपली वही आपल्याला अंधारात वाचता येत नाही. मग सकाळपासून दिवस तासातासाने आठवायचा. चुकलं त्याची क्षमा मागायची. आणि उद्याचं एखादं काम ठरवायचं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. बहुतेक जण जमा सोडून थेट नावेवर उडी मारतात आणि आठवड्याभरात कंटाळून वहीच बंद करतात. मीही तसंच करायचे.

प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयने शब्दही हिशेबाचाच वापरला आहे. आमची ऋणं आम्हाला सोड, जसं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे. सोडलं आहे! देवाला आपण पावती दाखवतो आहोत, आणि कित्येकदा ती खोटी असते. आणखी एक बारीक गोष्ट: इंग्लंडच्या मंडळीच्या जुन्या उपासनेत जी सामान्य पापकबुली आहे तिच्यात करायला हवं होतं ते केलं नाही, हे आधी येतं, करू नये ते केलं, हे नंतर. ज्याला भेटायला जायचं राहिलं, जो फोन केला नाही, ज्याची मजुरी द्यायची राहिली. माझा रोजमेळ तरी बहुतेक रात्री याच बाजूने भरतो. आणि कबुली "आम्ही"ची असते. यहुदी कबुलीही तशीच, "आम्ही" म्हणणारी, मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली, एकेका अक्षरावर छातीवर मूठ मारत म्हणायची. मराठीत अ पासून ज्ञ पर्यंत रचायची म्हटली तरी शब्द कमी पडणार नाहीत.

मुलांच्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं? पुढच्या रविवारी मी त्या परत दिल्या आणि म्हटलं, मागच्या बाजूला आता स्वतःचं लिहा, मी वाचणार नाही. वर्गात इतकी शांतता पहिल्यांदाच झाली. एकाने विचारलं, "टीचर, अजून एक कागद आहे का?"

लेवीयचं पंचांग मात्र प्रायश्चित्तावर थांबत नाही. दहाव्या तिथीला उपास आणि कबुली, आणि पंधराव्या तिथीपासून सात दिवस आनंद. आनंद करा अशी सरळ आज्ञाच आहे. घर सोडून फांद्यांच्या मांडवात राहायचं, मिसरातून निघालेले पूर्वज असेच राहिले होते याची आठवण म्हणून. छप्पर विरळ हवं, रात्री त्यातून तारे दिसले पाहिजेत अशी रीत आहे. याच सणाच्या शेवटच्या दिवशी येशू मंदिरात उभा राहून मोठ्याने म्हणाला होता, कुणाला तहान लागली असेल तर त्याने माझ्याकडे यावं.

तो भाग मुलांना नुसता वाचून दाखवण्यापेक्षा एका वर्षी आम्ही आमच्या गच्चीवर मांडव घातला. चार बांबू, दोरी, आणि वर आदल्या वर्षीच्या तुराट्या. पाऊस गेला म्हणता म्हणता दुपारी एक सर येऊन गेली आणि सगळं ओलं झालं. तरी संध्याकाळी पोरं चटया टाकून बसली, योहानाचा सातवा अध्याय वाचला, फल्ली दाणे खाल्ले. नऊच्या सुमाराला शेजारच्या काकू मोठं पातेलं घेऊन जिना चढून आल्या. कोजागरीचं आटवलेलं दूध, वर चारोळी.

"आज तुमचाही सण आहे का गं?"

"आमचा नाही. वाचतोय फक्त."

"बरं, मग दूध घ्या." त्यांनी पेले भरले आणि वर पाहिलं. दुधात चंद्र दिसायला हवा न, म्हणत पातेलं खाली ठेवलं, स्टुलावर चढल्या आणि आमच्या छपरावरच्या दोन तुराट्या बाजूला सारल्या.